टच-अप मारलं तरी त्याच टवक्यातनं परत गंज येतोय? रंगाच्या आधी एवढं बघा

लक्षणं आधी सांगतो, तुमच्या गाडीचं त्यातलं कुठलं ते बघून घ्या.

बॉनेटच्या पुढच्या कडेला नाहीतर दाराच्या खालच्या अंगाला मोहरीएवढे, तांदळाएवढे टवके उडालेत, बाटलीतला टच-अप लावला, उन्हाळाभर बरं दिसलं आणि मिरग लागला तसा त्याच ठिपक्याच्या कडेनं तांबूस रेघ उमटली. सगळ्यात जास्त हेच येतंय. दुसरं म्हणजे गंज काही नाही पण लावलेला रंग गाडी धुताना खपली होऊन निघून गेला. तिसरं, रंग राहिला पण वर उंचवटा झालाय आणि टवका होता त्यापेक्षा दुरुस्तीच जास्त डोळ्यात येतेय. चौथं, पांढऱ्या गाडीवर छतापासून डिकीपर्यंत बारीक नारिंगी टिपके, आणि मालक म्हणतोय सगळीकडं टवके उडाले. पाचवं, चाकाच्या कमानीवर किंवा दाराच्या तळाला रंग फुगलाय, अजून फुटलेला नाही.

या पाचांची कारणं वेगवेगळी आहेत आणि उपाय मात्र सगळे एकच करतात, दुकानात जाऊन रंगाची बाटली आणतात. रंग हे यातलं सगळ्यात शेवटचं काम. टवका कुठल्या थरापर्यंत गेलाय आणि त्याचा तळ कोरडा-स्वच्छ आहे का, हे कळल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडायचं नाही, एवढं पाळलं तर निम्म्याहून जास्त गाड्या परत माझ्याकडं येणारच नाहीत.

थर म्हणजे काय ते पटकन सांगतो. खाली पत्रा. त्यावर ईडी कोट, म्हणजे कारखान्यात गाडीचा सांगाडा आख्खा टाकीत बुडवून करंट देऊन चढवतात तो. मग प्रायमर, मग रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी पारदर्शक थर. हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतंय, झेरॉक्सचा एक कागद १०० च्या आसपास असतोय, म्हणजे विचार करा किती पातळ. गंज अडवायचं खरं काम खालचा ईडी कोट करतो, आणि ओल आत जाऊ न द्यायचं काम वरचा क्लिअर. मधला रंग फक्त दिसायला. त्यामुळं उघड्या पत्र्यावर नुसता रंग लावला आणि क्लिअर लावलाच नाही तर त्यातनं ओल आत जाणारच, मग गंज रंगाच्या खालनं कडेकडेनं सरकतो आणि तुमचा टच-अप उचलून बाहेर टाकतो.

आता तपासायला लागू, फुकटातल्यापासनं.

पहिलं, गाडी शॅम्पूनं नीट धुवा आणि पुसून सावलीत उभी करा. हसू नका. चौथं लक्षण, ते नारिंगी टिपके, बहुतेक वेळा टवके नसतातच. आमच्या बेळगावात उद्यमबाग, मच्छे या बाजूला ज्यांची गाडी दिवसभर फाउंड्रीच्या नाहीतर फॅब्रिकेशनच्या शेडजवळ उभी असते त्यांना हे हमखास होतंय, ग्राइंडरच्या ठिणग्यांतला लोखंडाचा बारीक कण गरम असतानाच क्लिअरवर बसतो, पावसात तो कणच गंजतो आणि भोवती नारिंगी डाग पडतो. पत्रा खाली ठणठणीत असतो. बोट फिरवून बघा, खड्डा लागला तर टवका, बारीक खरखरीत उंचवटा लागला तर कण. कणाला रंग लावायचा नाही. लोखंडाचे कण काढायचं लिक्विड मिळतंय, मारल्यावर कणाजवळ जांभळा ओघळ येतो, मग धुवायचं, आणि उरलेलं क्ले बारनं (मऊ मातीसारखी वडी असते) साबणपाण्यात हळू ओढून काढायचं. नखानं, ब्लेडनं खरवडायचं नाही, तो कण सुटतो पण क्लिअरला घेऊन जातो. डांबराचे काळे ठिपकेसुद्धा याच जातीचे, फडक्याला थोडं रॉकेल नाहीतर टार रिमूव्हर लावून पुसा, मग साबणानं धुवा.

दुसरं, खरंच खड्डा असेल तर त्यावर पाण्याचा थेंब सोडा. थेंबाखाली पांढरट रेघ दिसेनाशी झाली आणि नखही अडकत नाही तर इजा फक्त क्लिअरला आहे. तिथं टच-अप नको, कंपाऊंड (घासायची पेस्ट) आणि पॉलिश पुरेसं. अशा जागी रंग भरून उंचवटा करून घेतलेले लोक मी बघतोय, तिसरं लक्षण बरंचसं इथनंच येतं.

तिसरं, मोबाइलची टॉर्च तिरकी धरा, कॅमेरा झूम करून फोटो काढा आणि टवक्याच्या तळाचा रंग बघा. सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही आणि हिला एक पैसा लागत नाही. तळ फिकट राखाडी किंवा पांढरट, मॅट दिसला तर प्रायमर शाबूत आहे, तुम्ही नशीबवान, घाई नाही. चकचकीत चांदीसारखा दिसला तर पत्रा उघडा पडलाय, ताजा आहे, आता दिवस मोजायचे नाहीत, कामाला लागायचं. तपकिरी दिसला तर गंज सुरू झालाय. काळा दिसला तर घोळ असतो, बंपरवर काळा म्हणजे प्लास्टिक, ते काही गंजत नाही, पण पत्र्याच्या भागावर काळा किंवा गडद राखाडी म्हणजे ईडी कोट असू शकतो, टूथपिक लावून बघा, टणक गुळगुळीत असेल तर कोट, भुकटी पडली तर गंज. आणि बंपरच्या टवक्यावर गंज का दिसतोय म्हणून विचारणाऱ्यांनी, तो गंज नाही, आपल्याकडचा तांबडा चिखल आहे, धुवा.

चौथं, सेलोटेप. टवक्यावर नवी टेप घट्ट दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपला काहीच आलं नाही तर कडा घट्ट आहेत, पुढं जा. बारीक तुकडे आले तरी चालतंय, जे सुटणार होतं ते आता सुटलं, रंगाखाली लपून राहिलं असतं तर तुमचा टच-अप घेऊन गेलं असतं. पण टेपबरोबर क्लिअरचा शिळ्या भाकरीसारखा पापुद्रा उठत चालला, टवका संपून चांगल्या भागातनंसुद्धा निघायला लागला, तर तिथंच थांबा. तो टवका नाही, क्लिअरची पकडच गेलीय, उन्हानं नाहीतर आधीच्या कच्च्या पेंटिंगनं. त्यावर बाटली ओतून उपयोग नाही, आख्खा पॅनेल करावा लागतो.

पाचवं, लोहचुंबक. फ्रिजवरचा साधा चपटा चुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि टवक्याच्या आसपास लावून बघा, मग दुसऱ्या बाजूच्या तशाच जागी लावा. एका बाजूला घट्ट धरतोय आणि टवक्याच्या बाजूला निसटतोय तर खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. सेकंडहँड गाडीला हे बघायचंच, एमएच-०९ पासिंगची असो की आपली केए-२२, विकणारा सांगत नाही. लांबी ओल पिते, तिच्यावर टवका उडाला की पाणी आत शिरून आजूबाजूला फोड येतात, त्यामुळं तिथं घरगुती टच-अप म्हणजे नुसतं झाकणं. मात्र बंपरला, आणि ॲल्युमिनियमचं बॉनेट असलेल्या काही गाड्यांना चुंबक लागतच नाही, त्यावरनं घाबरू नका.

सहावं थोडं अवघड, खाली वाकायला लागतंय. फुगलेल्या जागी अंगठ्यानं हलकं दाबा. कडक असेल तर वेगळी गोष्ट, पण दबतंय किंवा कुरकुरतंय तर गंज बाहेरनं आत गेलेला नाही, आतनं बाहेर आलाय. दाराच्या तळाला पाणी निघायची बारीक भोकं असतात ती बघा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी बाजूला पावसाळाभर फिरणाऱ्या गाड्यांची ही भोकं चिखलानं बुजलेली असतात, काचेवरनं आत उतरलेलं पाणी दारातच साचतं, आणि मालक बाहेरनं टच-अप लावत बसतो. तारेनं हळूच भोकं मोकळी करा. चाकाच्या कमानीची आतली घडीसुद्धा हात घालून साफ करा, तिथला तांबडा लगदा पाऊस थांबल्यावरही कितीतरी दिवस ओला राहतो.

एवढं झालं आणि टवका छोटा, कडा घट्ट, खाली पत्रा किंवा वरवरचा गंज असं निघालं तर घरी करता येतंय. कसं ते सांगतो.

दिवस निवडा. जून ते सप्टेंबर आपल्याकडं हे काम धरूच नका, बेळगावच्या पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांत परत तांबूस झाक येते, आणि रंगाखाली ओल अडकते. पावसात ताजा टवका उडाला तर पुसून, हेअर ड्रायरनं कोमट वाळवून त्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब, नोव्हेंबरपर्यंत तात्पुरतं तेवढं पुरतं, नंतर ते काढून नीट करायचं. नेलपॉलिश हा कायमचा उपाय नाही, पिवळं पडतंय आणि तडकतंय. थंडीत सुद्धा सकाळी लवकर नको, धुक्याचं दव पत्र्यावर असतं. दहाच्या पुढं, सावलीत, हाताला पत्रा गरम लागत नाही अशा वेळी. साखर कारखाना नाहीतर गुऱ्हाळ जवळ असेल तर गळीत हंगामात वाऱ्याची दिशा बघून बसा, नाहीतर ओल्या रंगावर राख येऊन बसेल.

टवक्याभोवती मास्किंग टेप लावा म्हणजे चांगल्या रंगाला पेपर लागणार नाही. पेन्सिलीच्या मागच्या टोकाला ४०० नंबरच्या पॉलिश पेपरचा गोल तुकडा चिकटवा आणि टवक्यात फिरवून गंज काढा, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत. खोल छिद्रातला काळा ठिपका जात नसेल तर रस्ट कन्व्हर्टरचा टूथपिकनं थेंब. हे लिक्विड गंजावर काम करतंय, चकचकीत पत्र्यावर लावून काही फायदा नाही. टॅनिक ॲसिडवालं असेल तर गंज काळा पडतो, ते बरोबर आहे, घाबरायचं नाही. बाटलीवर धुवा लिहिलं असेल तर धुवाच, आम्ल राहिलं तर वरचा प्रायमर धरत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. हे पुसणं सोडणारे सगळ्यात जास्त, आणि दुसरं लक्षण, ती खपली, नव्वद टक्के इथलीच असते. गाडीवर मेणाचं पॉलिश मारलेलं असतं, त्यावर रंग चिकटणार कसा? साबणानं ते पूर्ण जात नाही.

पत्रा उघडा केला की प्रायमर लावेपर्यंत उठायचं नाही, जेवायचं नंतर. उत्तम म्हणजे एपॉक्सी प्रायमर. तो हार्डनर मिसळून वापरायचा असतो आणि घरी एका थेंबासाठी डबा आणणं परवडत नाही, पण ओळखीचा पेंटर असेल तर तो काम करत असताना मिसळलेल्यातला चमचाभर छोट्या बाटलीत मागून घ्या, काही तास चालतो. नाहीतर टच-अप किटमधला प्रायमर. गेटला मारून उरलेला रेड ऑक्साईड मात्र आणू नका. तो सिंथेटिक जातीचा, त्यावर टच-अपच्या कडक थिनरचा रंग पडला की खालचा थर उचलून सुरकुत्या येतात. फुकट मिळालं म्हणून लोक तेच लावतात आणि मग रंगाच्या दुकानदाराला बोल लावतात.

रंग घ्यायचा तो गाडीच्या कोडवर, नुसतं पांढरा म्हणून नाही. कोड ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतोय, कंपनीप्रमाणं जागा बदलते. मारुतीचा साधा सुपीरियर व्हाईट २६यू, म्हणजे एवढंसं असतं ते. बेळगावात रंग मिसळून देणारी दुकानं आहेत, तिथं गेल्यावर पहिला प्रश्न हाच, कोड हेळ्री, म्हणजे कोड सांगा. बाटली चांगली दोन-तीन मिनिटं हलवा, मेटॅलिकमध्ये चमकी तळाला बसलेली असते आणि न हलवता लावली की ठिपका काळपट दिसतो. झाकणातला ब्रश फेकून द्या, तो नेलपॉलिशच्या मापाचा आहे. टूथपिकच्या टोकानं थेंब खड्ड्याच्या मधोमध सोडा आणि त्याचा तो पसरू दे. वाळताना रंग आकसतो, म्हणून एकदाच भरायचा नाही, अर्ध्या तासाच्या अंतरानं दोन-तीन पातळ थेंब. रंग आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित खाली ठेवायचा, उरलेली जागा क्लिअरची. क्लिअर किंचित वर आला तरी चालेल.

मग हात लावायचा नाही. निदान आठवडाभर धुणं नाही, पॉलिश नाही. नंतर उंचवटा असेलच तर खोडरबरला २००० चा पेपर गुंडाळून साबणपाण्यात फक्त त्या ठिपक्यावर, शेवटी ३००० चा आणि मग कंपाऊंड. पॅनेलच्या धारेवर पेपर चालवू नका, तिथं क्लिअर मुळातच पातळ असतो आणि दोन हातांत खालचा रंग उघडा पडतो. हातभर अंतरावरनं दिसेनासं झालं की थांबा, नाक लावून बघायला गेलं तर पेंटिंग बूथमधलं कामसुद्धा दिसतं. मेटॅलिकला तर ठिपका थोडा वेगळा दिसणारच, चमकीची दिशा टूथपिकनं जुळत नाही.

थिनर, क्लिअर, अल्कोहोल सगळं पेट घेणारं. स्वयंपाकघराला लागून असलेल्या पोर्चमध्ये गॅस चालू असताना करू नका, हातमोजे घाला. हार्डनरवाला टू-के क्लिअरचा स्प्रे ऑनलाइन सहज मिळतोय म्हणून घरी मारू नका, त्यात आयसोसायनेट असतंय, कापडी मास्कनं ते अडत नाही आणि फुप्फुसाला लागतं.

आता हे सगळं नीट करूनसुद्धा त्याच जागी नवे टवके येत असतील तर चूक रंगाची नाही. चाकांना मडफ्लॅप आहेत का बघा, दाराच्या खालचे आणि मागच्या कमानीपुढचे टवके आपल्याच पुढच्या चाकानं मारलेले असतात. बाहेर आलेले रुंद टायर टाकले असतील तर ते होणारच. बॉनेटचे टवके पुढच्या गाडीचे, हायवेला निपाणी-संकेश्वर पट्ट्यात डंपरच्या मागं चिकटून चालवलं की मिळतात, आणि चोर्ल्याच्या रस्त्यावर उखडलेली खडी असेल तेव्हा तर अंतर ठेवायचंच. उसाच्या ट्रॉल्यांमागंसुद्धा, शेतातनं आलेल्या चाकांच्या खाचेत दगड अडकलेले असतात, डांबरी लागल्यावर सुटतात. गोव्याला जाऊन आलात तर दुसऱ्या दिवशी गोड्या पाण्यानं गाडी खालनं धुवा, उघड्या टवक्याला मीठ लागलं की गंज दुप्पट पळतो. आणि सर्व्हिस सेंटरला प्रेशर गन टवक्यापासनं फूटभर तरी लांब धरायला सांगा, जवळनं मारली तर पाणी कडेखाली घुसून चांगला रंग उचलतंय.

कुठं थांबायचं ते स्पष्ट सांगतो. रंग फुगलाय आणि दाबल्यावर दबतोय. टूथपिक पत्र्यातनं आरपार गेली. समोरच्या काचेच्या चौकटीला, छताच्या कडेला, पायरीच्या पट्टीला किंवा वेल्डिंगच्या सांध्याला गंज आहे, कारण तिथनं पाणी आत उतरतं आणि पायरीची पट्टी तर गाडीचा भार घेते. टेपला पापुद्रे आले. लांबी निघाली. टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा आहे. पर्ल रंग आहे आणि जागा बॉनेटच्या मधोमध, त्याला रंगावर पर्लचा वेगळा थर असतो, बाटलीनं जमत नाही. बाइकच्या पेट्रोल टाकीला फोड आलाय आणि वास येतोय, तिला पेपर-ड्रायर काही लावायचं नाही, टाकी उतरवूनच काम. यातलं एक जरी असेल तर घरी हात लावू नका, पेंटरकडं द्या.

देताना एवढं विचारा, गंज पत्र्यापर्यंत काढणार का, उघड्या पत्र्यावर एपॉक्सी मारणार का, आणि लांबीच्या आधीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवणार का. तिसऱ्यावर कुरकुर करणारा असेल तर दुसरा बघा. एका पॅनेलसाठी इन्शुरन्स क्लेम टाकायच्या आधी हिशेब करा, क्लेम न करता वर्षं जातात तसा नो क्लेम बोनस (विम्याच्या हप्त्यातली सूट) २० पासनं ५० टक्क्यांपर्यंत चढतो आणि एका क्लेमनं तो शून्यावर येतो, बहुतेक वेळा खिशातनं दिलेलं स्वस्त पडतंय.